वाळूत पाइल ठोकणारी मुलगी

पेडण्याच्या ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टसाठी तिने वाळूत पाइल, म्हणजे बांधकामाचा भार पेलायला जमिनीत खोल घातलेला खांब, ठोकण्याचं कॉम्प्युटर सिम्युलेशन (कॉम्प्युटरवर केलेली नक्कल) हा विषय धरलाय. तुम्ही लिहिता, "कॉम्प्युटरच करायचा होता तर सिव्हिल कशाला घेतलं? तिचे मामा म्हणतात, कोडिंगचा कोर्स करून सरळ बंगळूर गाठ. आणि आता तिला महागडा लॅपटॉप हवाय."

मामा काळजीपोटी बोलतात, पण या बाबतीत मी मुलीच्या बाजूने आहे. तिचं काम काय आहे ते आधी सांगते, म्हणजे तुम्हालाच अंदाज येईल.

पाइलच्या डोक्यावर हॅमर आदळला की अख्खा पाइल एकदम खाली सरकत नाही. धक्क्याची लाट वरून खाली धावते. काँक्रीटमध्ये तिचा वेग सेकंदाला साधारण 4,000 मीटर असतो. म्हणजे 20 मीटरच्या पाइलमध्ये ती एका सेकंदाच्या दोनशेव्या भागात टोकाशी पोचते आणि तेवढ्याच वेळात परत वर येते. टोकाखालची जमीन मऊ असेल तर खाली गेलेला दाब परतताना ताण होऊन येतो. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून पाइल सहज खाली जातोय म्हणून सगळे खूश असतात, नेमक्या तेव्हाच त्याला तडे जाऊ शकतात. हे साइटवर उभं राहून डोळ्यांना दिसत नाही. 1960 साली ई. ए. एल. स्मिथ या अमेरिकन इंजिनिअरने पाइलचे मनाने लहान लहान तुकडे पाडले, ते स्प्रिंगांनी जोडले आणि लाटेचा हिशोब कॉम्प्युटरकडून करून घ्यायची पद्धत मांडली. आजही तीच पद्धत या कामाचा पाया आहे.

लाटेचा हिशोब जमतो. खरी अडचण वाळूची. मोरजीच्या किनाऱ्यावर लाट ओसरल्यावर ओल्या वाळूत पाऊल दाबून बघा. पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढरट दिसते. घट्ट बसलेले कण सरकायला लागले की एकमेकांवर चढतात, मधली जागा वाढते आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने 1885 मध्ये याचं कारण सांगितलं. पाइल ठोकताना घट्ट, बारीक, पाण्याखालच्या वाळूत हेच होऊ शकतं. त्या घडीला वाळू खूप विरोध करते, आणि काही दिवसांनी तोच पाइल पुन्हा ठोकून पाहिला तर विरोध कमी झालेला असतो. सैल वाळूचा स्वभाव उलटा. ती हादऱ्याने दबत जाते. पाणी भरलेलं असेल तर त्या पाण्याचा दाब वाढून ठोकताना ती सैलावते आणि मागाहून घट्ट धरते. कॉम्प्युटरला यातलं काहीच आपोआप कळत नाही. वाळू कशी आहे हे त्याला माणूसच सांगतो, आणि चुकीचं सांगितलं तर तो चुकीचं उत्तरही तितक्याच सुबक रंगीत चित्रात देतो.

हे मी अनुभवाने सांगते. मार्गदर्शनाकडे वळण्याआधी मी काही वर्षं साइटवर काढली. तेव्हा पाइलला ग्राफ पेपर चिकटवायचा, आडव्या फळीवर पेन्सिल टेकवायची, आणि हॅमर पडेल तशी पेन्सिल कागदावर एक एक शिखर काढत जायची. शेवटच्या दहा घावांत पाइल किती मिलिमीटर खाली गेला ते त्यावरून मोजायचो. एका कामावर कागदावरच्या हिशोबाने पाइल 14 मीटर जायला हवा होता, तो 9 मीटरवर अडला. हिशोबात चूक नव्हती. बोअरहोल, म्हणजे माती तपासायला पाडलेलं भोक, त्या जागेपासून बराच लांब घेतलेला होता, एवढंच.

म्हणून कोडिंगचा कोर्स केलेले हजार जण मिळाले तरी हे काम त्यांच्याकडून होणार नाही. त्याला मातीही कळणारा माणूस लागतो.

आता नोकरीचं. खरं सांगायचं तर गोव्यात तुम्हाला पायलिंगची जी कामं दिसतात ती बहुतेक बोअर पाइलची, म्हणजे भोक पाडून जागेवर काँक्रीट ओतायची. ठोकायचे पाइल जास्त करून जेट्टी, बंदरं आणि समुद्रातली कामं इथे लागतात. युरोपात समुद्रातल्या पवनचक्क्यांचे भले मोठे पोलादी पाइल वाळूत ठोकतात, आणि तिथे अशा सिम्युलेशनला मोठी मागणी आहे. तेव्हा फक्त हाच एक विषय धरून घराजवळ नोकरी मिळेल अशी आशा ठेवू नका. पायाच्या कामाची जिओटेक्निकल इंजिनिअर म्हणून मात्र तिला मुंबई, पुणे, चेन्नई इथल्या सल्लागार कंपन्यांची दारं उघडी राहतील. त्यासाठी एम.टेक. जवळपास लागतंच. गेटची, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेची, तयारी आत्तापासून करू दे. घरापासून लांब पाठवायचं नसेल तर तिच्याच कॉलेजात फाउंडेशन इंजिनिअरिंगमध्ये एम.ई. आहे. ते दुय्यम समजू नका.

तिला माझा निरोप द्या. सुरुवातीलाच त्रिमितीय मॉडेल घेऊन बसू नकोस. मॉडेलमध्ये मातीचे लहान तुकडे पाडून जाळी करतात, पाइल आत शिरतो तशी ती जाळी वेडीवाकडी होते आणि गणित मध्येच बंद पडतं, त्यावरचे उपाय शिकण्यातच वर्ष जाईल. आधी स्मिथची पद्धत पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्वतः लिही. मग एखाद्या खऱ्या साइटचा बोअरलॉग, म्हणजे बोअरहोलमध्ये किती खोलीवर कसली माती लागली त्याची नोंद, मिळव. त्यातली एन व्हॅल्यू म्हणजे 63.5 किलोचं वजन 75 सेंटिमीटरवरून टाकत नळी 30 सेंटिमीटर आत घालायला लागलेले घाव, म्हणजे एक लहानसं पाइल ठोकणंच. तो आकडा थोडा वरखाली करून बघ, उत्तर किती हलतं ते लिहून ठेव. आणि सुट्टीत पंधरा दिवस कुठल्याही पायलिंगच्या साइटवर जा, बोअर पाइलची असली तरी चालेल. वर आलेली माती हातात घे. सोबत कोणी हवं असेल तर मामांना घेऊन जा, त्यांनाही काम बघायला मिळेल.

लॅपटॉप तूर्त घेऊ नका. स्मिथची पद्धत आहे त्या लॅपटॉपवर काही सेकंदांत चालते, आणि त्यापुढचं मोठं काम कॉलेजच्या लॅबमध्ये करता येईल. ते पैसे एम.टेक.साठी राहू द्या.