कपबशी वाजते तेव्हा

‘मॅडम, चारचौघांत हात थरथरतात. कंपवात तर नसेल ना?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारा माणूस आता मला खुर्चीत बसतानाच ओळखू येतो. हात खिशात, नाहीतर मांडीखाली.

असेच एक पतपेढीतले कॅशियर आले होते, वय ४१ (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). घरी नोटा भराभर मोजायचे, पण काउंटरपलीकडे कुणी उभं राहिलं की बोटं कापायला लागायची. आजोबांना कंपवात (पार्किन्सन) होता, त्यामुळे धास्ती दुप्पट.

आधी डॉक्टरांकडे पाठवलं. ही पायरी मी कधीच गाळत नाही. थायरॉईड वाढलेलं असतं, साखर उतरलेली असते, दम्याचा पंप किंवा लिथियमसारखी गोळी चालू असते, रोजची दारू अचानक सुटलेली असते. आणि आम्ही बसतो बालपण उकरत! कंपवाताची थरथर बहुधा एका बाजूने सुरू होते, तीही हात मांडीवर निवांत असताना. सोबत हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होत जातं. दुसरी एक थरथर घराण्यातून येते. ती दोन्ही हातांना, पेला उचलताना किंवा लिहिताना जाणवते. या कॅशियरांची थरथर मात्र प्रेक्षक असले तरच यायची. न्यूरॉलॉजिस्टनीही कंपवात नाही म्हणून सांगितलं. रिपोर्ट फाइलला लागले, भीती होती तिथेच.

माझ्याकडे चहा मुद्दाम कपबशीतून देतात. तिसऱ्या भेटीत लक्षात आलं, यांचा चहा दर वेळी गार होतो.

‘घेत का नाही?’

‘वाजेल.’

‘वाजली तर?’

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘तुम्हाला वाटेल, हा माणूस कच्चा आहे.’

‘मग आज वाजवूनच दाखवा. जमेल तेवढी मोठ्याने.’

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. बशी उचलली, दात-ओठ खाऊन हात थरथरवायला लागले. कप जेमतेम दोनदा किणकिणला आणि थांबला. ‘आता होतच नाहीये!’ म्हणत ते हसले, तशी बशीत चहा सांडला. तो त्यांनी चक्क बशीतूनच पिऊन टाकला.

हा उपाय दर वेळी लागू पडतो असं नाही. पण त्या दिवशी मला माझाच धडा नव्याने कळला. बारीक थरथर प्रत्येकाच्या हाताला असते. हात समोर ताणून पालथ्या पंजावर कागद ठेवून पाहा, त्याच्या कडा हलताना दिसतील. तिच्यावर पहारा बसवला की घाबरलेलं शरीर ॲड्रेनलिन सोडतं आणि ती वाढते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझा पिंड पोसलाय, म्हणून मला यात ‘च’ दिसतो. ‘हात स्थिर राहिला तर बरं’ ही इच्छा झाली. ‘तो राहिलाच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ ही सक्ती. आम्ही पुढचे दोन महिने त्या ‘च’शीच झगडलो. गृहपाठ एकच: रोज एका गिऱ्हाइकासमोर हात न लपवता नोटा मोजायच्या. पहिला आठवडा वाईट गेला. दोनदा त्यांनी रजा टाकली.

मार्चअखेरच्या गर्दीत हात पुन्हा कापला. रांगेतल्या आजींनी विचारलं, ‘एवढ्या उन्हाळ्यात थंडी वाजतेय होय रे?’

‘नाही हो आजी, माझा हात थरथरतो कधी कधी. मोजू ना?’

‘मोज की, मला कुठे घाई आहे!’