तालुक्यात सरकारी दवाखान्याची नवी इमारत उभी आहे, पण कुलूप का निघत नाही?

कारण इमारत आणि माणसं यांची मंजुरी वेगवेगळी असते. इमारत सार्वजनिक बांधकाम विभाग बांधतो. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ यांची पदं मात्र आरोग्य विभागाच्या प्रस्तावावर वित्त विभागाची संमती आणि उच्चस्तरीय सचिव समितीची मान्यता मिळाल्यावरच निर्माण होतात. घासाघीस होते ती इथेच: किती पदं नियमित, किती कंत्राटी, किती बाह्यस्रोतातून, म्हणजे खासगी एजन्सीमार्फत.

लातूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या अतिविशेषोपचार रुग्णालयांचंच बघा. प्रत्येकी 150 कोटींचा प्रकल्प, त्यात केंद्राचे 120 आणि राज्याचे 30. मनुष्यबळाची जबाबदारी मात्र राज्याचीच.

पद मंजूर झालं तरी माणूस येईलच असं नाही. भूलतज्ज्ञ नसेल तर सिझेरियन होत नाही, मग रात्री कळा सुरू झालेल्या बाईला जीपमध्ये घालून जिल्ह्याला न्यावं लागतं. आमच्या घरात हे घडलंय, म्हणून कळकळीने लिहितोय. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित, म्हणजे लेखी हमी देऊन करायची सक्तीची सरकारी सेवा असते, पण वर्ष संपलं की खुर्ची पुन्हा रिकामी.

अग्निसुरक्षेच्या ना-हरकतीतही वेळ जातो. भंडाऱ्याला जानेवारी 2021 मध्ये आगीत दहा बाळं गेली, तेव्हा त्यात घाई नकोच.

तुम्ही जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. उद्घाटनाची तारीख विचारू नका. पदनिर्मितीचा शासन निर्णय निघालाय का आणि त्यातली किती पदं भरली, एवढंच विचारा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.