सुपातली छाट

"मॅडम, मी रोज प्रार्थना करतो, शुक्रवारी उपास धरतो, तरी देव माझ्यावर नाराजच हाय असं का वाटतंय?"

हा प्रश्न माझ्याकडं येणारे कितीतरी ख्रिस्ती लोक विचारतात. ही बाई निपाणीकडची, चाळिशीतली (आमच्या बेळगाव भागात बायकासुद्धा 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात). तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय. मुलगा आजारी पडला आणि तिनं वहीच घातली, आज किती वेळ प्रार्थना झाली, कुठं खोटं बोललो, कुणाचा राग केला, आणि रात्री वही बघून रडायची कारण हिशेब कधी जुळायचाच नाही.

आधी मी जरा घाईच केली. योहान ९ काढला, जन्मापासून आंधळा असलेला माणूस, शिष्य विचारतात पाप कुणाचं, ह्याचं का आईबापाचं, आणि येशू म्हणतो ह्याचंही नाही आणि त्यांचंही नाही. तिनं मान हलवली, मला वाटलं पटलं, पुढच्या आठवड्यात वही तशीच! डोक्याला पटलेलं मनापर्यंत पोचत नाही हे मला तरी इतक्या वर्षांनी कळायला पाहिजे होतं.

मग बायबल बाजूला ठेवलं आणि विचारलं, डोळे मिटलं की देव कसा दिसतो? बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "खिडकीत बसलेला चेकर."

तिची आई बिड्या वळायची. हजार बिड्या झाल्या की सूप घेऊन कारखान्यात जायचं, ही सोबत. चेकर मूठभर बिड्या उचलणार, दाबून बघणार आणि न बोलता एकेक बाजूला टाकणार. ती छाट. छाटीचे पैसे नाहीत, वर बोलायचं पण नाही, बोललं तर उद्या पान-तंबाखू कमी मिळणार. सात वर्षांची पोर खिडकीच्या कडेला नाक टेकवून ते हात बघत उभी राहायची. पुढं चर्चमध्ये 'देव सगळं बघतो' ऐकलं तेव्हा तिला कुठले हात दिसले असतील सांगा!

मत्तय २५ मधला, मालकानं सोपवलेला एक तालांत (त्या काळची मोठी रक्कम) पुरून ठेवणारा चाकर असाच. मालक कठोर आहे, पेरलं नाही तिथं कापतो, हे त्यानं आधीच ठरवलेलं, आणि त्या भीतीनंच खड्डा खणला. तिला हे सांगितलं तर लगेच म्हणाली, "पण मालकानं त्याला भाईर काढलंच की." खरंय, तो दाखला गोड नाहीच आणि मला तो तिच्यासाठी गोड करायचा पण नव्हता.

मी वेगळंच विचारलं. छाट जास्त निघाली त्या दिवशी घरी आई काय करायची?

"काय नाही. आल्या आल्या चूल पेटवायची. मला आधी वाढायची." आणि रडायलाच लागली, वहीसाठी रडायची तसं नाही, वेगळं. यशया ६६:१३ तेव्हा वाचला, आई मुलाचं सांत्वन करते तसं मी तुमचं सांत्वन करीन. तिनं तो याआधी ऐकलेला होता, पण बाप आणि न्यायाधीश सोडून देवाला दुसरं काही म्हणायचं नसतं असं तिच्या मनात पक्कं बसलेलं. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले, तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो म्हणायचे, आणि त्यांनी ख्रिस्ताला आईच म्हटलं. प्रत्येकजण आपल्या घरातनंच देवाकडं जातो. फक्त आपण चुलीपाशी उभे आहोत का त्या खिडकीशी, हे एकदा बघावं लागतं.

वही अजून पूर्ण सुटलेली नाही. मुलाला ताप आला की पुन्हा लिहिते. मागच्या वेळी मात्र दाखवायला म्हणून आणली, तीन पानं कोरी होती आणि चौथ्यावर एकच ओळ, 'आज आईसारखं जेवायला वाढलं असं वाटलं.'