दाढ काढून तिसरा दिवस आहे, गाल जास्तच सुजलाय आणि खड्ड्यात पांढरं दिसतंय. हे नॉर्मल आहे का?

परवा खालची अक्कलदाढ काढली, काल बरं वाटत होतं आणि आज सकाळी गाल फुगलेला दिसला, म्हणून तुम्ही घाबरलात. मीही असाच घाबरलो होतो. मी डॉक्टर नाही, पण दोन दाढा काढून घेतल्यात. वरची कधी भरून आली ते कळलंही नाही. खालच्या अक्कलदाढेचं मात्र मी स्वतःच्या हाताने वाटोळं केलं.

आधी सुजेबद्दल. ती पहिल्या दिवशी नाही, तर 48 ते 72 तासांच्या आसपास सगळ्यात जास्त असते आणि मग ओसरायला लागते. म्हणजे तुम्ही आत्ता ऐन भरात आहात. गाल हिरवा-पिवळा पडला तरी तो मुका मारच, आपोआप जातो. अक्कलदाढ काढताना बराच वेळ आ करून बसावं लागतं, त्यामुळे जबडाही आखडतो आणि आठवडाभर तोंड नीट उघडत नाही. बर्फाचा उपयोग पहिले एक-दोन दिवसच. आता कोमट शेक द्या आणि रात्री दोन उशा घेऊन झोपा.

खड्ड्यातलं पांढरं म्हणजे बहुतेक वेळा पू नसतो. दाढ निघाली की त्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि एक-दोन दिवसांत तिच्यावर पांढरट-पिवळट थर येतो. गुडघा खरचटल्यावर खपली धरते, तसलाच प्रकार. तोंड कायम ओलं असल्यामुळे ही खपली वाळत नाही, लिबलिबीत राहते. ती अन्नाचा कण समजून काडीने किंवा ब्रशने काढायला जाऊ नका. सगळी मदार तिच्यावरच आहे. तिच्याखाली हाड आणि नसा उघड्या असतात.

माझं इथेच चुकलं. दाढ काढली त्या रात्री तोंडात सारखी रक्ताची चव येत होती, उशीवर गुलाबी डाग पडला होता. खरं तर पहिले 24 तास लाळेत थोडं रक्त येणारच, आणि एक थेंब लाळेत मिसळला तरी वाटीभर रक्त गेल्यासारखं दिसतं. मला ते बघवेना. बेसिनपाशी उभा राहून चार-पाच वेळा खळखळून चूळ भरली, जोर लावून थुंकलो आणि स्वच्छ वाटलं म्हणून समाधानाने झोपलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ठणका सुरू झाला. कानापर्यंत जाणारा, गोळीला दाद न देणारा. तोंडाला घाण वास. मोबाइलचा टॉर्च लावून आरशात पाहिलं तर खड्डा रिकामा आणि तळाशी करडं हाड. याला ड्राय सॉकेट म्हणतात: गुठळी निघून जाते किंवा विरघळते आणि हाड उघडं पडतं. साध्या दाढांमध्ये 100 पैकी 2 ते 5 जणांना होतं, खालच्या अक्कलदाढेला आणि सिगारेट ओढणाऱ्यांना जास्त. डॉक्टरांनी खड्डा धुतला, लवंगेच्या तेलाचा वास येणारी औषधाची पट्टी आत बसवली आणि दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत निम्मं दुखणं गेलं होतं. दोन दिवस उगाच सहन केलं, याचाच जास्त राग आला.

म्हणून किती दुखतंय यापेक्षा कालच्यापेक्षा कमी दुखतंय की जास्त, हे बघा. रोज थोडं कमी होत असेल तर गालाचा फुगा झालेला असला तरी गाडी रुळावर आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढायला लागलं तर वाट बघत बसू नका, फोन करा. तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढतेय, ताप आलाय, पू येतोय, ओठ-हनुवटी अजून बधिर आहे, तरीही फोन करा. भुलीचा बधिरपणा काही तासांत जायला हवा. रक्त पुन्हा सुरू झालं तर ओला गॉज (जखमेवर ठेवायचं जाळीदार सुती कापड) घडी करून खड्ड्यावर ठेवा आणि अर्धा तास सलग दाबून धरा. दर दोन मिनिटांनी उचलून बघायचं नाही. तरीही थांबलं नाही तर लगेच दवाखाना. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट इमर्जन्सी.

चुळा आता भरायच्या, पण हळू. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, पाणी तोंडात घोळवायचं, मान कलंडवून आपोआप पडू द्यायचं. स्ट्रॉ नको, ओढण्याने गुठळी सुटते. सिगारेट ओढत असाल तर निदान 3 दिवस हातही लावू नका. खाणं मऊ आणि कोमट, दुसऱ्या बाजूने. दुखण्यावर डॉक्टरांनी दिलेली गोळीच घ्या. घरातली अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका, तिने रक्त जास्त येतं. ती हिरडीवर दाबून ठेवायचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका, हिरडी भाजते. (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर त्या मात्र स्वतःहून बंद करू नका, विचारा.)

हिरडी वरून मिटायला दोन-तीन आठवडे लागतात, आत हाड भरायला काही महिने. मधेच एखादी बारीक टोकदार कपची हिरडीतून वर येते, तेव्हा दाढेचा तुकडा राहिला की काय असं वाटतं. बहुतेकदा ते हाडाचं टोक असतं आणि आपोआप पडतं. टोचत राहिलं तर दाखवा.

आणि टाके घातले असतील तर ते विरघळणारे आहेत की काढायला जायचंय, हे आजच विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं. आठव्या दिवशी जेवताना जिभेवर काळ्या दोऱ्याचा तुकडा आला आणि घास तसाच ताटात ठेवून मी पुन्हा आरशाकडे धावलो होतो.