खत झाडांना वाढवतं, मग ते पाण्यात गेलं की मासे का मरतात?

बहुतेक वेळा खत माशांना थेट मारत नाही, ते गुदमरून मरतात. पावसाबरोबर शेतातला नायट्रोजन आणि फॉस्फरस तलावात उतरतो, सांडपाणी त्यात भर घालतं आणि शेवाळ बेसुमार माजतं. हिरव्या थराखाली उजेड पोचत नाही, त्यामुळे तळाच्या वनस्पती मरतात. पुढे शेवाळही मरून तळाशी बसतं. ते कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. त्यात रात्री प्रकाशसंश्लेषण बंद, श्वसन मात्र चालूच, म्हणून मासे बऱ्याचदा पहाटे मेलेले दिसतात. (लोक लगेच विषबाधेचा संशय घेतात. तीही असू शकते, पण आधी ऑक्सिजन मोजावा.)

समुद्रातही हेच होतं. मिसिसिपी नदी मेक्सिकोच्या आखातात इतकी खतं आणते, की तिथे दर उन्हाळ्यात तळाशी ऑक्सिजन फारच कमी असलेला पट्टा तयार होतो. 2017 मध्ये तो सुमारे 22,700 चौरस किलोमीटर होता.

खत थांबवलं तरी तलाव लगेच सुधारत नाही, कारण गाळात साठलेला फॉस्फरस कित्येक वर्षं पाण्यात सुटत राहतो.