माझे पैसे माझ्या गायिकेला मिळतात का?

प्रश्न : मी स्पॉटिफायचे पैसे दरमहा भरते आणि जवळपास एकाच गायिकेची गाणी ऐकते. मग माझे पैसे तिलाच जात असतील ना?

उत्तर : नाही ताई. तुमचे पैसे आधी सगळ्यांच्या पैशांत मिसळतात. त्यातला सुमारे दोनतृतीयांश वाटा हक्कधारकांना, म्हणजे गाण्याचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना, जातो, पण एकूण ऐकण्याच्या प्रमाणात. त्यामुळे तुम्ही कधीच न ऐकलेल्या लोकप्रिय गाण्यांना त्यातला मोठा भाग मिळतो. शिवाय २०२४ पासून, मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळाही न वाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला तिथे काहीच मिळत नाही. नवख्या कलाकारांवर हा सरळसरळ अन्याय आहे.

मी स्वतः व्हायोलिन वाजवतो. आम्हा साथीदारांना बहुतेकदा रेकॉर्डिंगच्या दिवशी एकरकमी मानधन मिळतं. तेच गाणं पुढे लाखो वेळा वाजलं तरी हिशेबाच्या कागदावर आमचं नाव नसतं. हे मला फार लागतं. गायिकेचा रेकॉर्ड कंपनीशी करार असेल, तर तिला दिलेली उचलही कंपनी सहसा आधी वळती करून घेते.

साउंडक्लाउड या गाणी ऐकवणाऱ्या दुसऱ्या सेवेने २०२१ मध्ये वेगळी वाट धरली : श्रोत्याचे पैसे तो ज्यांना ऐकतो त्यांच्यातच वाटायचे. मला हीच पद्धत पटते. तुम्ही सदस्यत्व खुशाल ठेवा, पण तिचा एखादा अल्बम विकतही घ्या. बँडकॅम्प हे संगीत विकणारं संकेतस्थळ डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के ठेवतं. फक्त घेण्याआधी बघा, तिथे ती स्वतः विकते की तिची कंपनी.