चार महिन्यांत एकदाही न लागलेला दिवा

"मॅडम, मी जीव तोडून काम करतो. बढती मिळाली, पगार वाढला, वारज्यात मोठा फ्लॅट झाला. पण कामावर कुणी मनापासून काही करत नाही. सगळं वातावरणच नासलंय. मला यश मिळाल्यासारखं वाटतच नाही. नोकरी बदलू का?"

शब्द इकडचे तिकडे होतात, पण हा प्रश्न महिन्यातून तीन-चारदा तरी समुपदेशनासाठी माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतो. हिंजवडीतून येतो, बँकांतून येतो, एकदा एका शाळेच्या मुख्याध्यापिकेकडून आला होता. इथे सुहासची गोष्ट सांगतेय, कारण त्याच्या वेळी आधी मीच चुकले होते. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. त्याला विचारूनच लिहितेय.)

सुहास 43 वर्षांचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चाकणच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागला. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी मध्यम आकाराची कंपनी. वीस वर्षांत तिथेच प्रॉडक्शन हेड झाला, हाताखाली सत्तर माणसं. सकाळी सव्वासहाला घर सोडायचं, संध्याकाळी चाकण चौकातल्या कंटेनरच्या रांगेतून सुटून कर्वे रस्त्यावर माझ्याकडे पोचेपर्यंत माणूस पिळून निघालेला असायचा. बायकोने पाठवलं म्हणून आला होता. पहाटे तीनला जाग यायची, मग हात थेट फोनवर. रात्रपाळीच्या ग्रुपवर काही आलं नाही ना, हे बघायला.

पहिल्या भेटीत मी काय केलं? झोपेचं वेळापत्रक, फोन बेडरूमच्या बाहेर, श्वासाचा व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या नेमकी केली. तो आजार नाही, पण कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून येतो, असं तिथे म्हटलंय. थकून गळून जाणं, कामाबद्दल तुसडेपणा आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना, अशी त्याची तीन अंगं. सुहासमध्ये तिन्ही दिसत होती, म्हणून मी खूश! निदान झालं, उपाय दिले. त्याने मान डोलावली आणि दीड महिना फिरकला नाही. 'कामाच्या ठिकाणी' हे व्याख्येतले शब्द मी वाचले होते, पण कामाच्या ठिकाणाबद्दल त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता.

परत आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. ग्राहक कंपनीने 1,400 पीस अडवून ठेवले होते. बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठं झालेलं. चाकणहून माणसं पाठवून एकेक पीस तपासायची वेळ आली होती, वर वरिष्ठांची बोलणी.

"लोकं जबाबदारीच घेत नाहीत, मॅडम."

मी विचारलं, "कारखान्यातल्या कुणी आपणहून येऊन तुम्हाला वाईट बातमी दिली, असं शेवटचं कधी झालं?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तशी वेळच येत नाही. आमच्याकडे प्रत्येक लाइनवर अँडॉन आहे."

अँडॉन म्हणजे टोयोटाच्या पद्धतीतून जगभरच्या कारखान्यांत गेलेली सोय. काही बिघडलंय असं वाटलं की मशिनवरच्या माणसाने बटण दाबायचं किंवा दोरी ओढायची. दिवा लागतो, लाइनचा प्रमुख धावत येतो, गरज पडली तर लाइन थांबते.

"आणि तो दिवा किती वेळा लागतो?"

"गेल्या चार महिन्यांत एकदाही नाही," तो म्हणाला. आवाजात चक्क अभिमान होता. वाक्य पुरं झालं आणि त्याचं त्यालाच काहीतरी खटकलं. चार महिने एकही दिवा नाही, आणि 1,400 पीस बाहेर.

एमी एडमंडसन या अमेरिकेतल्या संशोधिकेचं काम मी त्याला तेव्हा सांगितलं. रुग्णालयांतल्या तुकड्यांमध्ये औषधं देताना किती चुका होतात, हे ती तपासत होती. चांगल्या तुकड्या कमी चुका करत असतील असा तिचा अंदाज. आकडे उलटे निघाले. जिथे एकमेकांशी चांगलं जमत होतं तिथेच चुकांची नोंद जास्त. पुढे उलगडा झाला की तिथली माणसं चुका लपवत नव्हती, बोलत होती. 1999 मध्ये तिने एका उत्पादन कंपनीतल्या 51 तुकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोललो तर आपली शोभा होणार नाही, हा भरवसा जिथे होता तिथे माणसं शिकत होती आणि काम सुधारत होतं. सुहास कारखान्याचा माणूस. सत्तर व्याख्यानांनी झालं नसतं ते या उलट्या आकड्यांनी झालं.

पुढच्या आठवड्यात तो माहिती काढून आला. दुसऱ्या पाळीत इन्सर्ट (मशिनचं कापणारं पातं) बदलल्यावर ऑफसेट (त्या पात्याची मशिनमधली जुळणी) चुकला होता. मशिनवरच्या मामांना (वय 54, कारखान्यात सगळे त्यांना मामाच म्हणतात) ते कळलंही होतं. भोकाचं माप तपासायच्या गेजची नो-गो बाजू, जी आत जायला नको, ती सरळ आत जात होती. त्यांनी बटण दाबलं नाही. ऑफसेट गुपचूप दुरुस्त केला, हाताशी होते ते पीस स्क्रॅपच्या ड्रममध्ये तळाशी ढकलले आणि आधीचे किती पुढे गेले याचा विषय काढला नाही.

"विचारलंत का त्यांना, का नाही दाबलं?"

"विचारलं. म्हणाले, साहेब, दिवाळीआधी त्या पोराने दाबलं होतं."

सुहासला तो दिवस आठवत होता. पोराने बटण दाबलं, लाइन वीस मिनिटं थांबली, बिघाड काहीच निघाला नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सुहास म्हणाला होता, "तुला गेज तरी धरता येतो का रे?" दोन-चारजण हसले होते. बस, एवढंच. त्या दिवसापासून दिवा लागला नव्हता.

कामाची संस्कृती म्हटलं की लोकांना भिंतीवरची बोधवाक्यं, शुक्रवारचा पिझ्झा आणि वर्षातून एकदा लोणावळ्याची सहल आठवते. मला त्याचं वावडं नाही, पिझ्झा मलाही आवडतो. पण एखाद्याने चूक सांगितली की पुढच्या दहा सेकंदांत साहेबाचा चेहरा कसा होतो, हे सत्तर माणसं बघत असतात. त्यावरून ठरतं.

मग आम्ही तालीम केली. मी मामा झाले, माझं पेन म्हणजे गेज. "साहेब, बोअर मोठं लागतंय." पहिल्या वेळी सुहास म्हणाला, "असं कसं झालं?" दुसऱ्या वेळी, "कधीपासून? मग आत्ता सांगताय?" पाचव्या खेपेला कुठे, दात-ओठ खाऊनच, पण जमलं: "बरं झालं सांगितलंत. किती पुढे गेलेत ते आधी बघू."

"हे नाटकी वाटतं, मॅडम. आणि असं गोड बोललो तर लोक डोक्यावर मिरी वाटतील."

ही भीती खोटी नाही. म्हणून त्याने एक नियम ठरवला आणि मीटिंगमध्ये स्वतःच्या तोंडाने सांगितला: जो सांगेल त्याला चारचौघांत बोलणं बसणार नाही, जो लपवेल त्याच्यावर कारवाई होईल. मामांचं प्रकरण नियमाच्या आधीचं, म्हणून ते मिटवलं. दिवाळीआधीच्या त्या पोराची मात्र त्याच मीटिंगमध्ये माफी मागितली. माफीचं मी सुचवलं नव्हतं. मला पुढच्या भेटीत कळलं.

आता राहिलं यश. सुहासचे वडील आयुष्यभर मशिनवर उभे राहिले. 'साहेबापुढे मान खाली' हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. त्याच्या डोक्यात यशाची एकच खूण होती: आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा मिळता कामा नये. हा 'होताच कामा नये'चा हट्ट फार महागात पडतो. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती नेमकी याच हट्टावर बोट ठेवते. चूक होऊ नये ही इच्छा रास्त आहे. ती होताच कामा नये अशी जगाला आज्ञा दिली, की चूक सांगायला आलेला माणूस शत्रू दिसायला लागतो आणि पहाटे तीनला फोन बघावा लागतो.

मी विचारलं, या वीस वर्षांत कामात रमून घड्याळ विसरला होतात असं कधी झालं? तो पटकन म्हणाला, "फिक्श्चर बनवताना." जॉब पक्का धरून ठेवणारा तो सांगाडा. पूर्वी त्याच्या हातचे फिक्श्चर लगेच ओळखू यायचे म्हणे. बढतीनंतर त्याने एकही बनवला नव्हता. गुरुवारी दुपारचे दोन तास दोन ट्रेनींना घेऊन टूलरूममध्ये बसायचं त्याने ठरवलं. मला विचाराल तर त्याच्या झोपेला माझ्या श्वासाच्या व्यायामापेक्षा हे जास्त लागू पडलं.

सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नका. पहिल्या महिन्यात दिवा अकरा वेळा लागला. वरिष्ठांनी बोलावून विचारलं, "तुझ्या शॉपमध्ये चाललंय काय?" सुहास घाबरला. पण ग्राहकाकडून परत आलेल्या आणि आत पकडलेल्या पीसचे वेगवेगळे आकडे घेऊन गेला. वरिष्ठ अजूनही ओरडतात, त्यांचा स्वभाव आम्ही बदलू शकलो नाही. झोपही आठवड्यातून दोन-एक रात्री मोडतेच.

नोकरी बदलू का, याचं उत्तर त्याच्यापुरतं 'आत्ता नको' असं निघालं. सगळ्यांचं तसं नसतं. पगार अडवला जात असेल, अपमान रोजचाच आणि वरून ठरवून होत असेल, तर स्वतःला सुधारत बसू नका, बाहेरचं बघा. लैंगिक छळ असेल तर 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, महिलांनी तिथे सहसा तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी. आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर आधी 14416 वर फोन करा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, मोफत, मराठीतही बोलतात.

शेवटच्या भेटीत सुहासने सांगितलं की त्या आठवड्यात मामांनी पहिल्यांदाच बटण दाबलं. लाइन थांबली, तो ऑफिसमधून धावत गेला. बोअर ठीक होतं, गेजलाच तेल आणि कीस चिकटला होता.

"मग काय म्हणालात?"

"बरं झालं सांगितलंत म्हणालो. गेज पुसून दिला."

थोडं थांबून तो म्हणाला, "आतून मात्र जाम चिडलो होतो, मॅडम. बारा मिनिटं गेली."